खोली बाराची चिठ्ठी

१६ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा शिराउराला जाऊन आले. जायला अडीच तास, यायला तीन. किनाऱ्याचा रस्ता अजून तीन ठिकाणी एकेरीच आहे.

शिराउरात भूकंपानंतर बांधलेल्या तात्पुरत्या घरांची वसाहत आहे, चाळीस खोल्यांची. आमचं काम साधं. वसाहतीच्या सामायिक खोलीत घमेली मांडायची, बेचाळीस अंशांचं पाणी भरायचं, आलेल्या माणसाचे पाय त्यात ठेवायचे आणि पाणी निवेपर्यंत समोर बसून त्याचे हात चोळायचे. तेवढ्या वेळात माणसं आपणहून काहीबाही बोलतात. सगळी गेली की आम्ही गाडीत बसून प्रत्येकाचं बोलणं एकेका चिठ्ठीवर लिहितो, त्याच्याच शब्दांत, वर खोलीचा आकडा घालून. चिठ्ठ्या मदत केंद्राला जातात. केंद्राचा माणूस दारात उभा राहून विचारतो तेव्हा सगळे "ठीक आहे" म्हणतात. पाय गरम पाण्यात असले की तेच लोक औषध संपल्याचं सांगतात.

आमच्या प्रमुख होरिगुचि बाई. निवृत्त परिचारिका, आवाज कधी चढत नाही. निघताना मला म्हणाल्या, "केताकि-सान, सल्ला द्यायचा नाही. गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही. आणि चिठ्ठीत आपल्या मनाचं काही घालायचं नाही." शेवटचं मला जमण्यासारखं आहे.

गाडी गेनकाका चालवतात. याच किनाऱ्यावर त्यांनी चाळीस वर्षं बस चालवली. मी जपानात आठ वर्षं आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग तू परदेशी नाहीस आता. नुसती लांबची आहेस."

माझ्या वाट्याला सहा जण आले. सगळ्यांत जास्त बोलल्या त्या खोली बाराच्या तोकिए आजी, वय चौऱ्याऐंशी. मी हात हातात घेतले तशा पलीकडच्या बाईला म्हणाल्या, "पाणी झकास आहे. पण ही पोरगी कुठून आणली यांनी, फ्रीजमधून?" त्यांच्या बोटांवर बारीक पांढरे वण आहेत. खडकांनी कापल्याचे, म्हणाल्या. पंधराव्या वर्षापासून दर हिवाळ्यात त्या किनाऱ्यावरच्या खडकांवरून नोरी, म्हणजे खायचं समुद्री शेवाळ, खरवडत आल्या आहेत. भूकंपात समुद्राचा तळ वर आला, पाणी दोनशे पावलं मागे गेलं आणि ते खडक आता कोरडे उभे आहेत.

"जानेवारीत येईल," आजी म्हणाल्या. "खडक वर जावोत नाहीतर खाली, नोरीला थंडी लागते. थंडी तर येणारच की. मोरिओ म्हणतो नागोयाला चल. मुलगा आहे माझा. त्याला सांगितलंय, जानेवारी बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

चिठ्ठीवर हे सगळं लिहिलं. फ्रीजचंही लिहिलं.

१७ नोव्हेंबर

पडदे उघडले नाहीत. सप्टेंबरात काम सुटल्यापासून शनिवार-रविवार वेगळे ओळखू येत नाहीत. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करणारा आमचा विभागच कंपनीने बंद केला. कोणाचा दोष नाही.

दादाचे दोन फोन येऊन गेले. घेतले नाहीत. आत्याच्या खोलीतल्या सामानाचं विचारत असणार. आत्या जूनमध्ये गेली.

दम्यामुळे दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. आत्याने घरीच शिकवलं, चिपळूणला, ओट्यासमोर पाट मांडून. रोज एक पान लिहायचं असे. पाहिलं ते आणि ऐकलं ते. वाटलं ते लिहिलेलं तिला चालायचं नाही. "वाटणं उद्या बदलतं. ऐकलेलं बदलत नाही," म्हणायची, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला की पान परत लिहायला लावायची. म्हणून जूनबद्दलही जे होतं ते लिहिते. तिकीट मिळत होतं. मी गेले नाही. रडू आलं नाही.

आज एकदाच जेवले. चहाचं भांडं गॅसवर राहून करपलं, या महिन्यात दुसऱ्यांदा. नवीन आणायला हवं.

३० नोव्हेंबर

शिराउरा. भुरभुर बर्फ.

तोकिए आजी मुद्दाम माझ्याच घमेल्यापाशी येऊन बसल्या. सुरुवातीला शेजारणीला नावं ठेवली. खोली अकराच्या हात्सुए बाई शिवणाच्या शिक्षिका होत्या आणि सध्या त्यांच्या खोल्यांच्या ओळीच्या प्रमुख आहेत. बाटलीचं झाकण वेगळं न काढता बाटलीबरोबर टाकलं की कचऱ्याची पिशवी परत दारात आणून ठेवतात. "चिठ्ठी लावून. सुवाच्य अक्षरात. पंचेचाळीस वर्षं पोरींचे टाके उसवले, आता माझी पिशवी उसवते."

मग दुसरा हात पुढे केला. मी उजवा हात चोळत होते. मनगटाजवळ निळं-जांभळं होतं.

"मंगळवारी पहाटे खडकांवर गेले होते," त्या म्हणाल्या. "घसरले. बराच वेळ उठता येईना. कोणी नव्हतं, ते बरंच झालं."

मी मनगट सोडून बोटं चोळायला घेतली.

"आणि शेगडीवर काळा घेवडा ठेवून विसरले. दोनदा. दुसऱ्यांदा खोलीभर धूर. रॉकेलची शेगडी ती, काय सांगावं." पाय थोडे हलवले. "हे लिहू नकोस हं, पोरी."

गुपिताचं वचन द्यायचं नाही. म्हणून मी हो म्हटलं नाही. पण लिहावं लागेल, असंही म्हटलं नाही. त्यांचा हात टॉवेलने पुसला. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि उठल्या.

गाडीत चिठ्ठी लिहिली. खोली १२. खडकावर घसरले, बराच वेळ उठता आलं नाही. शेगडीवर घेवडा विसरले, दोनदा, दुसऱ्यांदा खोलीत धूर. "हे लिहू नकोस" हेही त्या बोलल्या होत्या. ते लिहू की नको यात दहा मिनिटं गेली. शेवटी लिहिलं. गाळलं असतं तर चिठ्ठी अपुरी राहिली असती.

१ डिसेंबर

दुरुस्ती. काल "हो म्हटलं नाही" असं लिहिलं. पण मी मान हलवली असेल का? इथे ऐकणारा सतत मान हलवतो, आठ वर्षांत मलाही ती सवय झाली आहे. त्यांनी लिहू नकोस म्हटल्यावर मी मान हलवली असेल, तर ते हो झालं. आठवत नाही. आरशासमोर उभं राहून पाहिलं. कोणी बोलत नसताना हलवता येत नाही.

५ डिसेंबर

होरिगुचि बाईंचा फोन. केंद्राचे मुरोझुमि नावाचे तरुण अधिकारी खोली बाराला जाऊन आले. घेवड्याचं करपलेलं भांडं सापडलं. आजी म्हणाल्या, ते जुनंच आहे. मुलाला कळवलं. मोरिओ अठ्ठावीस तारखेला येऊन त्यांना नागोयाला नेणार आहेत, नववर्षाच्या आत.

"तुमची चिठ्ठी नेमकी होती," होरिगुचि बाई म्हणाल्या. "इतकी नेमकी फार कमी लोक लिहितात."

"आजींना कोणी लिहिलं ते माहीत आहे का?" मी विचारलं.

"नाव आपण सांगत नाही."

त्यांचे हात मीच चोळले होते. सांगायची गरजच नाही.

"जानेवारीपर्यंत थांबता येणार नाही का त्यांना?"

"खडकावर पुन्हा पडल्या तर?"

उत्तर बरोबर आहे. मी आभार मानले. फोन ठेवल्यावर बराच वेळ उभीच होते. पाय दुखायला लागले तेव्हा बसले.

१४ डिसेंबर

शिराउरा. एकोणीस जण आले, नेहमीपेक्षा जास्त.

पहिले आजोबा म्हणाले, "गार झालं हो." मी वाट पाहिली. पाणी निवेपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते. "आभारी आहे," म्हणून गेले. दुसऱ्या बाई, "बर्फ लवकर आलं यंदा." तिसऱ्या, "उद्या जास्त पडेल म्हणतात." चौथ्या बाईंनी मागच्या वेळी मला त्यांच्या मेलेल्या मांजराचं पाऊण तास सांगितलं होतं. आज म्हणाल्या, "दिवस लहान झाले."

सगळे हसून बोलत होते. कोणी हात मागे घेतला नाही.

तोकिए आजीही आल्या, माझ्याचकडे. मी पाय पाण्यात ठेवले. मनगटावरचं जांभळं आता पिवळं होत आलं आहे. मला वाटलं, काही बोलतील, आणि मला ते ऐकायचं होतं. त्या म्हणाल्या, "वारा उत्तरेचा आहे."

"हो," मी म्हटलं.

"उत्तरेचाच."

पंधरा मिनिटं झाली. जाताना वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तेवढा खोल.

गाडीत चिठ्ठ्या लिहिल्या. गार झालं. बर्फ लवकर आलं. वारा उत्तरेचा. इतरांच्या चिठ्ठ्याही तशाच. गेनकाकांनी गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "हवामान खात्याला पाठवायच्या का या?" कोणी हसलं नाही. होरिगुचि बाईंनी चिठ्ठ्या पाकिटात घातल्या, पाकिटावर तारीख घातली.

परत येताना गाडीतल्या पाचही जणांपैकी कोणी माझ्याशी वावगं बोललं नाही. मला संत्रं सोलून दिलं.

१५ डिसेंबर

दिवसभर पडून होते. संत्र्याचा वास हाताला अजून आहे.

१८ डिसेंबर

गेनकाका शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आले होते. स्टेशनजवळच्या हॉटेलात कुट्टूच्या पिठाच्या शेवया खाल्ल्या. त्यांनी खाल्ल्या, मी थोड्या.

"शनिवारी वसाहतीत बैठक आहे," ते म्हणाले. "मोरिओ, मुरोझुमि, होरिगुचि बाई, ओळीची प्रमुख म्हणून हात्सुए. जायचं कसं, सामान काय न्यायचं, असली बैठक. आजी बसणार आणि सगळ्याला हो म्हणणार."

"मी काय करू शकते?"

"खोलीचा आकडा चुकला म्हण."

मला कळलं नाही.

"चिठ्ठीवर बारा लिहिलंस. म्हण, चुकून लिहिलं, दुसऱ्या कोणाचं होतं. एका दिवशी सहा जण, सहा चिठ्ठ्या. तू परदेशी बाई. चुकलीस तर कोणाला नवल वाटणार नाही. उलट बरं वाटेल लोकांना."

"पण चुकले नाही मी."

"ते मला माहीत आहे. म्हणूनच तर सांगतोय." शेवयांच्या पाण्याची वाटी ओठाला लावून प्यायले. "आठ वर्षं एकही चूक न करता राहिलीस ना इथे? एक शिल्लक आहे असं समज."

मी म्हटलं, खडकावर त्या पुन्हा पडल्या तर?

"पडतील कदाचित," ते म्हणाले. "मी खोटं सांगत नाही तुला. मी फक्त एवढं म्हणतो की चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला एक जानेवारी बघायचा आहे."

२० डिसेंबर

होरिगुचि बाईंना फोन करून म्हटलं, चिठ्ठीत एक दुरुस्ती आहे, बैठकीत सांगेन. "दुरुस्ती," त्या म्हणाल्या. "बरं. या."

लहानपणी तापात मी आत्याला एकदा खोटं सांगितलं होतं, औषध घेतलं म्हणून. त्याची नोंद त्या दिवशीच्या पानावर आहे, मीच केलेली. त्यानंतर मोठं खोटं बोलल्याचं आठवत नाही. यात मोठेपणा नाही. मला भीती वाटते, एवढंच.

२१ डिसेंबर

जसं झालं तसं लिहिते.

सामायिक खोलीत सहा जण. मोरिओ साठीचे, थकलेले. रात्रभर गाडी चालवून आले होते. आजी चहाच्या पेल्याकडे बघत बसल्या होत्या. हात्सुए बाई ताठ, समोर वही. मुरोझुमींनी गाडीत किती खोकी मावतील ते विचारलं. मग होरिगुचि बाई म्हणाल्या, "केताकि-सानना काही सांगायचं आहे."

मी उभी राहिले. म्हटलं, "तीस नोव्हेंबरच्या चिठ्ठीवर खोलीचा आकडा चुकला. ते बोलणं बाराचं नव्हतं. माफी मागते." आणि वाकले. वाकलेलं असताना बरं वाटलं, कोणाचा चेहरा दिसत नव्हता.

"अच्छा," मुरोझुमि म्हणाले, अगदी सौम्यपणे. "मग कोणत्या खोलीचं होतं? तिथे जायला हवं आम्हाला."

हा प्रश्न येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन दिवस विचार केला त्यात नाही, गेनकाकांच्याही नाही. एकदा खोटं सांगितलं की शेगडी कोणाच्या तरी खोलीत ठेवावी लागते. त्या दिवशी माझ्याकडे आलेल्या सहापैकी कोणाच्या तरी नावाने आकडा सांगायचा होता. मांजरवाल्या बाई सतरामध्ये राहतात, तेवढंच डोक्यात येत होतं.

"अकराचं," हात्सुए बाई म्हणाल्या. वहीतून वर न बघता. "माझं."

"तुमचं?"

"शेगडीवर भांडं विसरले, तोकिएकडून मागून आणलेलं. काळा घेवडा. दोन्ही वेळा."

चिठ्ठी त्यांना कोणी दाखवली नव्हती. पण दोन्ही खोल्यांच्या मधली भिंत पातळ आहे, करपल्याचा वास पलीकडे जात असणार.

मुरोझुमींनी कागद पाहिला. "आणि खडकावर पडलात, असं दिसतंय."

हात्सुए बाईंचे गुडघे वाकत नाहीत. त्या काठी घेऊन कचऱ्याच्या पेटीपर्यंत जातात, त्यापुढे नाही.

"पडले."

"खडकावर कशाला गेला होतात?"

"समुद्र बघायला. परवानगी लागते का?"

मुरोझुमींनी लिहून घेतलं. होरिगुचि बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. मोरिओ आईच्या मनगटाकडे बघत होते. बाही वर सरकली होती आणि पिवळा डाग दिसत होता. आजींनी बाही खाली ओढली.

"जानेवारी संपेपर्यंत राहा," मोरिओ म्हणाले. "खडकावर एकटी जायचं नाही. एवढं तरी ऐक, आई."

"मी कुठे जाते?" आजी म्हणाल्या. "जाते ती हात्सुए."

२२ डिसेंबर

होरिगुचि बाईंचा फोन. पुढच्या वेळेपासून मी पाणी तापवायचं काम घेईन का? हात चोळायला एक नवीन मुलगी येते आहे. चिठ्ठ्याही तीच लिहील. "तुमच्यावर फार भार पडत होता," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. त्यांना सगळं कळलेलं आहे आणि त्या मला रागावणार नाहीत, आता कधीच नाही.

आणखी एक. केंद्राने खोली अकरामधली रॉकेलची शेगडी काढून नेली. खोली तापवायचं विजेचं एक यंत्र दिलं आहे. ते आपोआप बंद होतं.

मला वाटलं होतं, आज काहीतरी वाटेल. सुटल्यासारखं किंवा लाज. दोन्ही नाही. अंथरूण उन्हात टाकायचं राहिलं.

११ जानेवारी

पाणी तापवलं. बेचाळीस अंशांच्या वर जाऊ न देणं मला चांगलं जमतं.

माणसं नव्या मुलीशी थोडंथोडं बोलू लागली आहेत. मला पडद्याआडून शब्द कळत नाहीत, पण सूर हवामानाच्या गप्पांचा नव्हता.

हात्सुए बाई दोन कोट घालून आल्या. मी म्हटलं, "माझ्यामुळे तुमची शेगडी गेली. माफ करा."

"पाय भाजतात, पाठ गारठते," त्या म्हणाल्या. "आणि चहा तर त्यावर होतच नाही. यंत्र कसलं, खेळणं आहे." मग माझ्याकडे पाहिलं. "आकडा विचारतील हे सुचलं कसं नाही तुला? शिकलेली ना तू?"

"नाही सुचलं."

"कापड कापायच्या आधी मोजावं. कोणी शिकवलं नाही?"

आता त्या दिवसभर बारामध्ये बसतात. दोघींचा चहा आजींच्या शेगडीवर होतो. हात्सुए बाई भांड्यावर नजर ठेवून असतात. तसं म्हणत नाहीत, वीज महाग आहे म्हणतात. झाकणांवरून भांडण अजून आहे.

घमेली धुऊन झाल्यावर गेनकाकांनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं. आजींनी माझा दंड धरला होता. खडक हाडांसारखे पांढरे. पूर्वी पाण्याखाली जे काही जिवंत होतं ते वाळून चिकटलेलं. आजींनी एका खडकावरून तळहात फिरवला आणि नाकाशी नेला. "अजून नाही," म्हणाल्या. "थंडी पुरेशी नाही."

परतताना विचारलं, "तुझं घरी कोण असतं?"

"दादा. आत्या होती."

"होती?"

"जूनमध्ये गेली."

"गेली होतीस?"

"नाही."

गाडीपर्यंत त्यांनी माझा दंड आधीपेक्षा घट्ट धरून ठेवला. उतार होता म्हणून असेल.

१९ जानेवारी

नोंद घ्यावी असं काही नाही. दादाचा फोन. घेतला नाही. दोन दिवसांत एकदा जेवले, ते पुरेसं नाही हे कळतं.

२५ जानेवारी

उणे चार. गेनकाका म्हणाले, एवढी थंडी पाच वर्षांत पडली नाही.

आजी सकाळपासून तयार होत्या. तळाला खिळे असलेली जुनी पादत्राणं, कमरेला टोपली, बोटांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. हात्सुए बाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पडलीस तर मी पडले असं सांगणार नाही आता." पाय धुण्याचं काम सुरू होण्याआधीच आम्ही निघालो.

या वेळी त्या पांढऱ्या खडकांपाशी थांबल्या नाहीत. समुद्र मागे सरून जिथे गेला आहे तिथपर्यंत गेलो, अर्धा तास लागला. नवे खडक, लाटा अंगावर येत होत्या. आजी गुडघ्यांवर बसल्या. मी मागून त्यांचा कमरेचा पट्टा धरला. त्यांनी पहिला खडक चाचपला, मग दुसरा, मग तिसरा. बोटांच्या पट्ट्या सोडून टाकल्या आणि उघड्या हातांनी चाचपलं. मी मोजत नव्हते, पण पंधरा तरी खडक झाले असतील. प्रत्येक वेळी हात नाकाशी.

मग तशाच बसून राहिल्या. पाणी येत होतं, जात होतं.

"नाही आली," म्हणाल्या.

मी म्हटलं, "आजी, फेब्रुवारी आहे अजून. आपण परत येऊ." सल्ला द्यायचा नाही, हे लक्षात असूनही म्हटलं.

"तू कधीपासून नोरीवाली झालीस?" आवाजात राग नव्हता. "उठव मला."

उठवलं. त्यांचं वजन फार कमी आहे. ओल्या हातांनी त्यांनी तोंड पुसलं.

"मुरोझुमीने सांगितलं होतं, शास्त्रज्ञांनी पाहणी केली, दहा वर्षं तरी येणार नाही. मोरिओने सांगितलं. हात्सुएने तर उन्हाळ्यातच सांगितलं. सगळ्यांचं बरोबर होतं." टोपली उलटी करून झटकली, रिकामीच होती. "पण ते त्यांचं बरोबर होतं. आता माझं झालं. मोरिओला फोन लाव, म्हणावं, शनिवारी ये."

खडकावर उभं राहूनच फोन लावला. वाऱ्यात आजींना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी वाक्यं पुढे सांगितली. एकही शब्द बदलला नाही. मोरिओ म्हणाले, "ती रडतेय का?" मी पाहिलं आणि म्हटलं, "नाही. खडक मोजताहेत."

१ फेब्रुवारी

आज पाय धुण्याचा दिवस नव्हता. तरी रेल्वेने आणि मग बसने गेले. चार तास लागले.

सामान फार नव्हतं. शेगडी मोरिओ गाडीत ठेवत होते, तेव्हा आजी म्हणाल्या, "ती नाही. ती अकराला."

"तिथे ठेवायला बंदी आहे ना, आई?"

"बंदी हात्सुएच्या शेगडीला आहे. ही माझी आहे."

हात्सुए बाईंनी काहीही न म्हणता दार पूर्ण उघडलं. जागा आधीच करून ठेवली होती, खाली पत्रा अंथरून. मग आत जाऊन एक पिशवी आणली. आत बाटल्यांची झाकणं होती, धुतलेली. "नागोयात वेगळी टाकायची असतात," म्हणाल्या. "तिथे तुला सांभाळून घेणारं कोणी नाही." आजींनी पिशवी मांडीवर घेतली.

गाडीची काच खाली होती. आजींनी मला जवळ बोलावलं, हात बाहेर काढला, माझे हात धरले. "अजून बर्फच," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी नोरीसाठी थांबले होते. नाही आली, निघाले. तू कशासाठी थांबली आहेस?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"थांबल्यासारखी दिसतेस. पहिल्या दिवसापासून."

"काम शोधते आहे," मी म्हटलं. ते खरं नाही. सप्टेंबरपासून एकही अर्ज केलेला नाही.

त्यांनी ते ऐकून घेतलं. माझे हात त्या चोळत होत्या, अंगठ्याने तळव्याच्या मध्ये, आम्ही चोळतो तसंच. मला हात सोडवून घ्यायचे नव्हते. शेजारी मोरिओंनी इंजिन चालू केलं.

"बघून ये," आजी म्हणाल्या. "लोकांनी सांगून होत नाही ते. जाऊन, हाताने चाचपून ये."

कुठे, ते त्या बोलल्या नाहीत. मी विचारणार होते. काच वर गेली आणि गाडी वळली.

हात्सुए बाई म्हणाल्या, "गारठलीस. आत ये." शेगडीवर पाणी ठेवलेलं होतं. दोन पेले चहा प्यायले, भात, मुळ्याचं लोणचं आणि भाजलेला मासा खाल्ला, मग पुन्हा भात घेतला. हात्सुए बाई भांड्याकडे बघत बसल्या होत्या, माझ्याकडे नाही, त्यामुळे मी नक्की किती वाजता रडायला लागले, हे मला लिहिता येत नाही.